एकच श्रुतिमाला, तीन सप्तकें

(जुन्या पोथ्यांतील ‘शुद्ध’ स्वर, रागनामें आणि रस यांचा अर्थ)

जुन्या बाडांतील पदांच्या माथ्यावर ‘राग तोडी’, ‘राग श्री’, ‘राग भैरवी’ अशीं नांवें लिहिलेलीं आपल्यापैकीं प्रत्येकानें पाहिलीं असतील. पद छापावयाचें झालें म्हणजे संपादक बहुधा दोहोंपैकीं एक मार्ग धरतो. एक तर तो हें रागनाम निरुपयोगी समजून गाळतो; अथवा आज त्या नांवाचा जो राग गाइला जातो, त्याचेच स्वर त्या पदाचे असें धरून चालतो आणि त्या स्वरांवरून पदाचा रसही ठरवून टाकतो. पहिल्या मार्गानें पुरावा नष्ट होतो. दुसऱ्यानें खोटा पुरावा उत्पन्न होतो, व तो अधिक घातक होय. संगीतशास्त्राच्या पोथ्यांची गोष्ट याहून बिकट आहे. त्यांत ‘शुद्ध गांधार’ असे दोन शब्द आले म्हणजे वाचकास त्यांचा अर्थ लागल्यासारखा वाटतो. परंतु पोथी कोणत्या परंपरेची आहे हें ठरल्यावांचून त्या दोन शब्दांना निश्चित अर्थच नसतो. तो कसा ठरवावा, हें गायनाचा अभ्यास नसलेल्या संशोधकास समजेल अशा रीतीनें मांडणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. आंकड्यांची ओळ

षड्जापासून वरच्या षड्जापर्यंतच्या अंतरास सप्तक म्हणतात. प्राचीन ग्रंथकारांनीं या अंतराचे २२ भाग मानले, व त्या भागांस श्रुति हें नांव दिलें. षड्जग्रामांत या २२ श्रुतींची सात स्वरांत वांटणी येणेंप्रमाणें आहे: षड्ज ४, ऋषभ ३, गांधार २, मध्यम ४, पंचम ४, धैवत ३, निषाद २. भरताच्या नाट्यशास्त्रांत हीच वांटणी आहे; शारंगदेवाच्या ‘संगीतरत्नाकरां’तही हीच आहे.

शारंगदेव हा आपल्या प्रांतास परका नव्हे. त्याचा आजा भास्कर काश्मीरांतून दक्षिणेंत आला; बाप सोढल यादवांच्या पदरीं होता; आणि स्वतः शारंगदेव देवगिरीस सिंघण यादवाच्या (सुमारें इ. स. १२१०-१२४७) राज्यांत श्रीकरणाचा, म्हणजे हिशेबी दप्तराचा, मुख्य अधिकारी होता. त्याच्या ग्रंथाचे सात अध्याय असून त्यांत २६४ राग गणलेले आहेत. कल्लिनाथाच्या टीकेसह हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ मध्यें छापला, तेव्हांपासून तो महाराष्ट्रांतील अभ्यासकांस सुलभ झाला.

४-३-२-४-४-३-२ ही ओळ पुढील जवळजवळ प्रत्येक ग्रंथकार उतरून घेतो. म्हणून वाचकाचा असा समज होतो, कीं सर्वांचें सप्तक एकच होतें. प्रत्यक्षांत या एकाच ओळीवर तीन निरनिराळीं सप्तकें उभीं राहिलीं आहेत.

२. मोजणी मागून कीं पुढून?

षड्जाच्या चार श्रुति म्हणजे कोठल्या? षड्जाच्या खालच्या, कीं वरच्या? शारंगदेवाचें उत्तर स्पष्ट आहे. त्यानें २२ तारांची वीणा कल्पून षड्ज चौथ्या तारेवर ठेवला आहे, ऋषभ सातव्या, गांधार नवव्या, मध्यम तेराव्या, पंचम सतराव्या, धैवत विसाव्या व निषाद बाविसाव्या तारेवर. अर्थात् प्रत्येक स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो, आणि त्याच्या श्रुति त्याच्या खालीं असतात. षड्जापासून मोजलें तर ऋषभ ३, गांधार ५, मध्यम ९, पंचम १३, धैवत १६ आणि निषाद १८ श्रुतींवर येतो. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर गांधार व निषाद कोमल आणि बाकीचे स्वर शुद्ध. म्हणजे सामान्यतः काफी थाट.

आतां हेच आंकडे उलट बाजूनें मोजूं. स्वर आपल्या पहिल्या श्रुतीवर ठेवला व त्याच्या श्रुति त्याच्या वर मानल्या, तर षड्जापासून ऋषभ ४, गांधार ७, मध्यम ९, पंचम १३, धैवत १७ आणि निषाद २० श्रुतींवर येतो. हा आजचा बिलावल थाट झाला.

ज्यांच्या घरीं बाजाची पेटी असेल त्यांस हा भेद क्षणांत पडताळतां येईल. पांढरी एक हा षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या क्रमानें वाजविल्या तर बिलावल निघतो. त्याच पट्ट्या पांढरी दोनपासून वाजविल्या तर काफी निघतो. पट्ट्या त्याच, परंतु आरंभाचें स्थान बदलल्यानें सप्तक बदललें.

ही दुसरी मोजणी अर्वाचीन आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनीं ती आपल्या पद्धतींत स्वीकारली. मुंबईंत वाळकेश्वर येथें जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायानें वकील; १८८४ पासून मुंबईच्या पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीशीं त्यांचा संबंध आला, आणि पुढें वकिली सोडून त्यांनीं आपलें सर्व आयुष्य संगीताच्या संशोधनास दिलें. १९०४ मध्यें ते दक्षिणेच्या प्रवासास गेले व एट्टयापुरम् येथें सुब्बराम दीक्षितांस भेटले. ठिकठिकाणच्या पोथ्यांच्या नकला मिळवून त्यांतील कित्येक त्यांनीं छापविल्याही. आपल्या मंडळींत पोथी जमविणारे पुष्कळ आहेत. परंतु जमविलेल्या पोथीचा शब्दन् शब्द जिवंत गायनाशीं ताडून पाहणारा असा संग्राहक विरळा.

भातखंडे यांच्या काळीं गवई ज्या सप्तकास शुद्ध म्हणत होते तें बिलावलचें होतें. हा बदल त्यांनीं केला नाहीं. पाटण्याच्या महंमद रझानें १८१३ च्या ‘नगमाते आसफी’ ग्रंथांत बिलावलासच शुद्ध मानलें आहे. प्रचारांतील हें सप्तक जुन्या आंकड्यांशीं जुळावें म्हणून भातखंडे यांनीं स्वर पहिल्या श्रुतीवर मानला. आजच्या गायनाच्या व्यवस्थेस ही योजना सोयीची आहे. परंतु ती मागें नेऊन रत्नाकराच्या वाचनास लावली तर अनर्थ होतो.

३. निर्णायक प्रमाण

रत्नाकरांतील तारांचा क्रम स्पष्ट असतां आणखी प्रमाण कशास पाहिजे, असें कोणी म्हणेल. परंतु पाठ भ्रष्ट असण्याची शंका संशोधकानें नेहमीं बाळगावी. आणि येथें त्या पाठास बाहेरून दुजोरा देणारें एक स्वतंत्र प्रमाण उपलब्ध आहे.

जे दोन स्वर परस्परांपासून ९ किंवा १३ श्रुतींच्या अंतरावर असतात त्यांस प्राचीनांनीं संवादी म्हटलें. षड्ज-पंचम, ऋषभ-धैवत, गांधार-निषाद हे १३ श्रुतींचे संवाद वरील दोन्ही मोजण्यांत सारखेच निघतात. तेव्हां केवळ त्यांवरून निर्णय होत नाहीं. निर्णय होतो तो मध्यमग्रामावरून. भरत सांगतो, कीं षड्जग्रामाचा पंचम एक श्रुति उतरविला म्हणजे मध्यमग्राम होतो. त्या ग्रामांत षड्ज-पंचमाचा संवाद तुटतो व ऋषभ-पंचमाचा संवाद जुळतो.

पहिल्या मोजणींत ऋषभ ३ व पंचम १३ श्रुतींवर असून अंतर १० श्रुतींचें, अर्थात् संवाद नाहीं. पंचम १२ वर उतरविला कीं अंतर ९ होतें व संवाद साधतो. भरताचें वचन जसेंच्या तसें खरें ठरतें. दुसऱ्या मोजणींत ऋषभ ४ वर असल्यामुळें संवाद आधींच जुळलेला आहे. पंचम उतरविला तर तो उलट बिघडतो. यावरून प्राचीन षड्जग्राम काफीच्या अंगाचा होता, बिलावलाचा नव्हे, हें सिद्ध होतें. यासाठीं गळ्याची किंवा वाद्याची आवश्यकता नाहीं. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणाही वाचकास हा पडताळा घेतां येईल.

४. दक्षिणेचें तिसरें सप्तक

विजयनगरच्या परंपरेंतील रामामात्यानें १५५० मध्यें ‘स्वरमेलकलानिधि’ लिहिला. श्रुतींचे आंकडे तेच, शब्दही तेच. परंतु त्याचा शुद्ध मेल मुखारी होय. आजच्या हिंदुस्थानी भाषेंत त्याचे स्वर असे सांगावे लागतील: षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध ऋषभ, मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत. दक्षिणेंत ज्यास शुद्ध गांधार म्हणतात तो स्वर आपल्या शुद्ध ऋषभाच्या जागीं असतो, व तेथील शुद्ध निषाद आपल्या शुद्ध धैवताच्या जागीं. सतराव्या शतकांत व्यंकटमखीनें ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ंत जे ७२ मेल रचले ते याच स्वरनामांवर: ऋषभ-गांधारांचे ६ प्रकार, धैवत-निषादांचे ६ व मध्यमाचे २, यांचा गुणाकार ७२.

येथवर आलेलीं तीन सप्तकें एकत्र ठेवून पाहूं. आजच्या हिंदुस्थानी नांवांनीं ‘शुद्ध गांधार’ म्हणजे—

भरत व शारंगदेव यांच्या ग्रंथांत: कोमल गांधार.
रामामात्य, व्यंकटमखी व दाक्षिणात्य ग्रंथांत: शुद्ध ऋषभ.
महंमद रझा, भातखंडे व आजच्या प्रचारांत: शुद्ध गांधार.

एक संज्ञा आणि तीन नाद. ग्रंथ कोठें लिहिला गेला यावरूनही निर्णय होत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें. पुंडरीक विठ्ठलानें ‘सद्रागचंद्रोदय’ हा ग्रंथ सोळाव्या शतकांत खानदेशच्या बुऱ्हाणखान फारुकीच्या आश्रयानें लिहिला. तापीकांठच्या या ग्रंथांत शुद्ध मेल मुखारी आहे, कारण ग्रंथकर्ता कर्नाटकांतून आलेला होता. तंजावरचे भोसले घराण्याचे मराठे राजे. परंतु त्यांच्यांतील तुळजाजीचा (कारकीर्द १७२८-१७३६) ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ दाक्षिणात्य परंपरेचाच आहे. पोथी महाराष्ट्रांत सांपडली किंवा तिचा कर्ता मराठा होता, तेवढ्यानें तिचे स्वर आपले ठरत नाहींत.

५. अहोबलाची तार

शब्दांचा असा गोंधळ असतां एखादा ग्रंथकार मापच देऊन ठेवील तर संशोधकावर त्याचे मोठे उपकार होत. अहोबलाच्या ‘संगीतपारिजातां’त (सतरावें शतक) असें माप आहे. तो वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांचीं स्थानें सांगतो. सोयीसाठीं मोकळी तार ३६ इंच धरूं. तारेच्या मध्यावर, म्हणजे १८ इंचांवर, तार षड्ज. दोन षड्जांच्या मध्यें २७ वर मध्यम. तारेच्या तिसऱ्या भागीं २४ वर पंचम. षड्ज-पंचमांच्या मध्यावर ३० वर गांधार. षड्ज-पंचमांतील अंतराचे तीन भाग करून पहिल्या भागीं ३२ वर ऋषभ. पंचम व तार षड्ज यांच्या मध्यावर २१ वर धैवत. आणि त्याच अंतराच्या तीन भागांपैकीं दोन सोडून २० वर निषाद.

षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० मानलीं तर या मापानें गांधार २८८ व निषाद ४३२ येतो. हे आजचे कोमल गांधार व कोमल निषाद. म्हणजे अहोबलाचें शुद्ध सप्तकही काफीचें. धैवताविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. ‘मध्यावर’ हा शब्द काटेकोर घेतला तर २१ इंच येतात. परंतु ३२ इंचांवरील ऋषभाशीं संवाद साधावयाचा तर २१⅓ इंच पाहिजेत. ग्रंथकार ‘मध्यें’ हा शब्द गणिती मध्य या अर्थानें वापरतो, कीं ‘दरम्यान’ या अर्थानें, याचा विचार त्याच्या प्रतींचे पाठ ताडूनच झाला पाहिजे. पोथीसंग्राहकाचें काम येथें गवयाच्या कामाइतकेंच महत्त्वाचें ठरतें.

२२ श्रुति प्रत्यक्ष वाद्यावर आणण्याचा खटाटोप आपल्या प्रांतांतही झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें हिंदु सप्तक व बावीस श्रुति यांवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. क्लेमंट्स साहेबांचें पुस्तक १९१३ चें. १९१६ च्या बडोदें येथील संगीत परिषदेंत हा प्रश्न चर्चेस आला होता. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं.

६. रागनामांचें स्थलांतर

स्वरांच्या संज्ञांप्रमाणें रागांचीं नांवेंही स्थिर राहिलेलीं नाहींत. तीन उदाहरणें पुरेत.

तोडी: आज उत्तरेंत तोडी म्हटली म्हणजे कोमल ऋषभ, कोमल गांधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद. दक्षिणेंत तोडीचा मेल हनुमत्तोडी. त्याचे स्वर आपल्या भैरवीचे. मिथिलेच्या लोचनपंडिताच्या ‘रागतरंगिणीं’तही तोडीचे स्वर आजच्या भैरवीचेच येतात.

भैरवी: लोचनाच्या ग्रंथांत भैरवी हें त्याचें शुद्ध संस्थान, अर्थात् आजचा काफी.

श्री: आज उत्तरेंत तो पूर्वी थाटाचा राग आहे. दक्षिणेंत तो खरहरप्रिया मेलांत, म्हणजे आपल्या काफींत, गाइला जातो, व रामामात्याचा श्रीराग-मेलही तसाच आहे.

याचा मराठी वाङ्मयाशीं निकट संबंध आहे. शीखांचा आदिग्रंथ १६०४ मध्यें सिद्ध झाला. त्यांत नामदेवांचीं ६१ पदें रागवार लाविलेलीं आहेत व त्यांत तोडीही आहे. मराठी संताच्या पदांस जोडलेलीं इतक्या जुन्या, निश्चित सालाच्या संकलनांतील रागनामें म्हणजे फार मोलाचा पुरावा होय. परंतु तो पुरावा नांवाचा आहे, स्वरांचा नव्हे. त्या तोडीचे स्वर आजच्या तोडीचे होते असें त्या ग्रंथावरून म्हणतां येत नाहीं. तंजावरच्या मराठी पदावर ‘तोडी’ असेल तर दाक्षिणात्य तोडी समजण्यास आधार आहे. पुण्याच्या बाडांत असेल तर लेखनकाल ठरेपर्यंत मौन बरें.

७. रस कोठें राहतो?

प्राचीनांनीं रस स्वरांस वांटून दिले आहेत. षड्ज व ऋषभ वीर, अद्भुत आणि रौद्र या रसांस; धैवत बीभत्स व भयानकास; गांधार व निषाद करुणास; मध्यम व पंचम हास्य-शृंगारास. ही वांटणी वाचून आजचा वाचक गोंधळतो. बिलावलाचे प्रसन्न गांधार-निषाद करुण कसे? परंतु वर सांगितल्याप्रमाणें ते कोमल समजले म्हणजे विधान आजच्या कानासही पटूं लागतें. तथापि कानास पटतें हें प्रमाण मानूं नये. प्रमाण तें तिसऱ्या कलमांतील गणिताचें. कानाची साक्ष त्यानंतरची.

याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं त्या वचनाचा अर्थ ‘अमुक स्वर आला कीं अमुक रस झाला’ असा नाहीं. सातही स्वर बहुतेक ठिकाणीं येणारच. रस ठरतो तो अंश स्वरावरून, म्हणजे ज्या स्वराचें गायनांत प्राबल्य असतें त्यावरून. आज वादी या संज्ञेनें बहुतांशीं हाच अर्थ दर्शविला जातो. भूप व देसकार या दोन रागांचे स्वर तेच पांच: षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम, धैवत. परंतु भूपाचा वादी गांधार, देसकाराचा धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गातात, देसकार सकाळीं. आणि दोहोंचा भाव इतका भिन्न, कीं भातखंडे यांनीं त्यांस दोन निरनिराळ्या थाटांत घातलें, एक कल्याणांत व दुसरा बिलावलांत. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वरही एकच. मारव्यांत ऋषभ-धैवतांचें बळ, पूरियांत गांधार-निषादांचें, आणि सोहनी तार सप्तकांत रमते.

म्हणजे सप्तक ही केवळ जमीन. घर कोठें बांधलें आहे तें अंश, न्यास, अल्पत्व व बहुत्व यांवरून कळतें. पदाच्या माथ्यावरील रागनाम यांपैकीं एकही गोष्ट सांगत नाहीं. एवढ्यासाठीं रागनामावरून पदाचा रस ठरविणें, किंवा रागमालेच्या चित्रावरील ध्यानश्लोकाचा भाव त्याच नांवाच्या पदावर लादणें, हें दोन्ही अप्रमाण होय. पदाचा रस पदाच्या शब्दांतच शोधावा.

८. संग्राहकांस सूचना

पोथी हातीं आली म्हणजे प्रथम तिची परिभाषा पाहावी. साधारण, अंतर, कैशिक, काकली या संज्ञा असतील तर ती रत्नाकराच्या अथवा दाक्षिणात्य परंपरेची. त्यांपैकीं कोणती, हें शुद्ध मेलास मुखारी म्हटलें आहे कीं नाहीं यावरून कळतें. कोमल, तीव्र, तीव्रतर अशा संज्ञा असतील तर अहोबलाची उत्तरेकडील धाटणी. बिलावलास शुद्ध म्हटलें असेल तर मजकूर अर्वाचीन, किंवा अर्वाचीन हातानें सुधारलेला, अशी शंका घ्यावी. तारेचीं मापें किंवा वीणेचे पडदे सांगणारीं पत्रें सर्वांत मोलाचीं. तीं सुटीं व मळकीं असलीं तरी टाकूं नयेत, आणि त्यांतील आंकडे ‘दुरुस्त’ करूं नयेत.

पदांच्या बाडाची नक्कल करतांना रागनाम असेल त्या लेखनाने, असेल त्याच जागीं उतरावें. तें मूळ हातचें आहे कीं मागाहून शाई बदलून घातलें आहे, याची नोंद करावी. एकाच पदावर दोन बाडांत दोन राग आढळले तर एक चुकीचा समजून खोडूं नये. चाल बदलल्याचा तो कदाचित् एकमेव अवशेष असेल.

गायन हें हवेंत विरणारें शास्त्र. देवगिरीस सिंघणाच्या काळीं जें गाइलें गेलें त्याचा एकही सूर आपल्या कानावर येण्याचा संभव नाहीं. त्याचें जें कांहीं उरलें आहे तें या आंकड्यांत, संज्ञांत आणि पदांच्या माथ्यावरील दोन दोन शब्दांत. त्यांचा अर्थ आज लागला नाहीं तर उद्यां लागेल. परंतु ते शब्दच आपण गाळले, तर मग लावावयास कांहीं उरणार नाहीं.

— घाटकोपर